पूर, दरड, घसरलेल्या वाघिणी: मालगाडी 'वळवली' म्हणजे नेमकं काय केलं?

चाकोरी

पावसाळ्यात बातमी ठरलेली: 'मार्ग ठप्प, गाड्या वळवल्या.' खाली एक्सप्रेस गाड्यांची यादी येते आणि मालगाड्यांबद्दल चकार शब्द नसतो. मग कुणीतरी नकाशावर बोट ठेवून विचारतं, 'हा बघा की दुसरा मार्ग, खताचा रेक (वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, जोडलेली रांग) चार दिवस एकाच स्टेशनात का कुजतोय?'

नकाशावर रेघ असली म्हणजे मार्ग असतोच असं नाही. सर्वांत स्वच्छ उदाहरण कोकण रेल्वेचं. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याचा भाग ढासळला तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्या पनवेल-पुणे-मिरज-लोंढा-मडगाव अशा नेल्या. प्रवाशाला त्यात फक्त वेळ जास्त लागतो. मालगाडीसाठी तो मार्ग म्हणजे कर्जत-लोणावळा १:३७ चा चढ आणि कॅसलरॉक-कुळे १:३७ चा उतार. मूळ कोकण मार्गावर १:१५० च्या वर चढच ठेवलेला नाही.

गणित करू. १:३७ वर दर टनामागे चढाचाच ओढा २७ किलो, १:१५० वर पावणेसात किलो. बॉक्सएन जातीच्या (उघड्या) ५८ वाघिणी पूर्ण भरल्या तर वजन साधारण ५,३०० टन. म्हणजे कोकणात चढासाठी सुमारे ३५ टन ओढ लागते आणि घाटात १४३ टन. चाकांचा घर्षणरोध वेगळा. मालगाडीच्या डब्ल्यूएजी-९ या विजेच्या इंजिनाची सुटतानाची ओढ आहे ४६० किलोन्यूटन, म्हणजे ४७ टनांच्या आसपास. तीन इंजिनं लावूनही गाडी जागची हलणार नाही, आणि पावसात ओल्या रुळावर चाक फिरतं ते निराळंच. शिवाय सगळी इंजिनं पुढेच लावली तर पहिल्या काही वाघिणींच्या कपलरवर एवढा ताण येतो की तो तुटू शकतो. म्हणून घाटात बँकर (जादा इंजिनं) मागून ढकलतात आणि लोड कमी ठेवतात. थोडक्यात, एका रेकचे दोन तुकडे, दोन क्रू आणि वर जाऊन पुन्हा जोडणी. ही जागा आणि हा वेळ कुठून आणायचा?

चढाखेरीज आणखी काय काय आड येतं, ते जाणकारांनी लिहावं.

---

लूपमध्ये_उभा

चढ तर आहेच, पण रोजची अडचण त्याहून साधी असते: गाडी बाजूला घ्यायला जागाच नसते. आपल्याकडे मालगाडीची लांबी सातशे मीटरच्या आत धरतात. नेहमीच्या मार्गावर तेवढ्या लूप (गाडी बाजूला घ्यायच्या जादा लाइन) आहेत. आडमार्गावर एखाद्या स्टेशनात लूप ५५० मीटरची निघाली की मालगाडी तिथे क्रॉसिंगला मावत नाही. शेपूट मेन लाइनवर राहतं आणि समोरून येणारी गाडी अडकते. मग कंट्रोल (गाड्या सोडणारा नियंत्रण कक्ष) लांब गाडीला अशा दोन-तीन स्टेशनांमधून एकदम काढायचं बघतो. तेवढ्या वेळात उलट दिशेचं सगळं बंद.

दुसरी गोष्ट रिव्हर्सलची. वळणमार्ग एखाद्या जंक्शनात चुकीच्या तोंडाने शिरत असेल तर इंजिन काढा, फिरवून दुसऱ्या टोकाला लावा, ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा) हलवा, ब्रेक पाइपात हवा भरा, ती शेवटपर्यंत पोचते का (कंटिन्युइटी) तपासा. ५६ पेक्षा जास्त वाघिणींच्या गाडीत इंजिनाकडे ५ किलो आणि शेवटच्या वाघिणीत किमान ४.७ किलो दाब दिसल्याशिवाय गाडी हलत नाही. एखादा होजपाइप गळका निघाला की तो शोधत ५८ वाघिणी चालत जायचं, पावसात, खडीवरून. यार्डातला तासभर तर गेलाच म्हणून समजा.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी: माणसं. लोको पायलटला ज्या सेक्शनचं रोड लर्निंग नाही तिथे तो एकट्याने गाडी नेऊ शकत नाही. सिग्नल कुठल्या वळणाआड आहे, उतार कुठे सुरू होतो, न्यूट्रल सेक्शन (तारेचा वीज नसलेला तुकडा) कुठे, हे पाठ असावं लागतं. तीन महिन्यांहून जास्त काळ त्या सेक्शनात गेला नसेल तर पुन्हा लर्निंगच्या फेऱ्या कराव्या लागतात. त्यामुळे वळवलेल्या गाडीवर तिथला माहीतगार पायलट चढवायला लागतो. आडमार्गावर असे पायलट मोजकेच, कारण तिथे एरवी गाड्याच मोजक्या. गाडी सुटल्यापासून नऊ तासांची ड्युटी धरली आणि त्यातले सहा तास लूपमध्ये गेले, तर पुढच्या स्टेशनात क्रू उतरतो आणि गाडी 'क्रूअभावी' उभी राहते. पुराशी तिचा आता काही संबंध उरलेला नसतो.

---

निळा_झेंडा

+१. याच्या जोडीला एक परदेशी उदाहरण. जर्मनीत राश्टाट इथे २०१७ मध्ये नव्या बोगद्याचं काम चालू असताना वरचा रूळमार्ग खचला. ऱ्हाईन खोऱ्यातली मुख्य मालवाहतूक १२ ऑगस्टपासून २ ऑक्टोबरपर्यंत बंद. शेजारी फ्रान्समधून मार्ग होता, पण तिकडे न्यायला फ्रेंच येणारे आणि तो मार्ग माहीत असलेले चालक पुरेसे नव्हते. देशातल्या पर्यायी मार्गावर त्याच वेळी दुरुस्तीची कामं काढलेली. रूळ होते, इंजिनं होती, गाड्या मात्र उभ्याच.

---

मोरी_क्रमांक_सात

इथवर सगळं वळवण्याबद्दल झालं. मुळात मार्ग बंद का करतात, याबद्दल एक गैरसमज पक्का आहे: 'सिग्नल हिरवा म्हणजे रूळ ठीक.' पुराच्या बाबतीत हे सपशेल चूक.

ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का हे सिग्नलला कळवणारी यंत्रणा) रुळातून वीज वाहते की नाही एवढंच बघतं. खालचा भराव वाहून गेला, स्लीपर खडीशिवाय हवेत लटकले, तरी रूळ अखंड असेल तर सर्किट पूर्ण असतं आणि सिग्नल हिरवाच राहतो. ॲक्सल काउंटरला (चाकांच्या जोड्या मोजणाऱ्या यंत्राला) तर चाकांखेरीज काही दिसतच नाही. आजच्या तेलंगणातल्या वलिगोंड्याला ऑक्टोबर २००५ मध्ये वरच्या तलावाचं पाणी येऊन लहानसा पूल वाहून गेला आणि पॅसेंजर गाडी तिथे कोसळली. असा धोका पकडायला आजही सर्वांत खात्रीचं साधन म्हणजे गस्त घालणारा माणूस.

उलट गंमत अशी की रुळावर नुसतं गढूळ पाणी साचलं, खडीत चिखल भरला, तर वीज एका रुळातून दुसऱ्यात गळते आणि सर्किट 'गाडी आहे' असं दाखवतं. सिग्नल लाल. म्हणजे भराव गेला तर हिरवा, चिखल झाला तर लाल!

गस्तवाल्याजवळ डिटोनेटर (चाकाखाली फुटून इशारा देणारे फटाके), फ्यूजी (भडक ज्योतीची कांडी), तिरंगी दिवा आणि गस्तीची वही असते. शेजारच्या बीटवाल्याला (पुढच्या टप्प्याच्या गस्तवाल्याला) भेटून वह्यांची अदलाबदल करायची. तो ठरलेल्या वेळेला आला नाही तर काहीतरी बिघडलंय असं धरूनच स्टेशन मास्तर गाड्यांना सावध करतो. धोका दिसला तर ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक डिटोनेटर आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. एकेरी मार्गावर दोन्ही बाजूंना. यात तो किती धावतो त्याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

कोकणात काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाणीपातळीचे सेन्सर आहेत. पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावतीच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं. जोराच्या पावसात समोरचं नीट दिसत नसेल तर पायलटने वेग ४० वर आणायचा, असा तिथला नियम आहे. मालगाडीला याचा फटका कमी बसतो कारण ती तशीही फार पळत नाही. पण तिच्या मागच्या एक्सप्रेसला वाट द्यायला तिला आणखी एका लूपमध्ये घालतात, तिथे तिचा वेळ जातो.

---

चाकोरी

@मोरी_क्रमांक_सात, पाणी किती चढलं की गाडी थांबवतात? चार इंच असं ऐकून आहे.

---

मोरी_क्रमांक_सात

तो चार इंचांचा, म्हणजे रुळाच्या माथ्यावर १० सेंमीचा आकडा विजेच्या इंजिनांसाठी आहे. ट्रॅक्शन मोटर अगदी खाली चाकांजवळ असतात, त्यात पाणी शिरू नये म्हणून. पण इंजिनाला पाणी चालतं म्हणजे रुळालाही चालतं, असं नव्हे. पाणी खडीच्या वर आलं की दोन माणसं स्लीपरच्या दोन्ही टोकांना काठीने चाचपत समांतर चालतात. खाली खडी जागेवर लागली तरच गाडी मुंगीच्या चालीने सोडायची. पाणी साचलेलं असेल तर ठीक. वाहतं असेल आणि एका बाजूची पातळी दुसऱ्या बाजूपेक्षा उंच दिसत असेल, तर भराव धरणासारखं काम करतोय आणि तो त्यासाठी बांधलेलाच नाही. अशा वेळी चार इंचही नकोत.

आणखी एक दुर्लक्षित गोष्ट. यार्डात पाण्यात उभ्या राहिलेल्या वाघिणी. बेअरिंग पाण्याखाली गेलं असेल तर ती वाघीण तपासणीशिवाय पुढे काढता येत नाही. पाणी शिरलेलं ग्रीस काही किलोमीटर बरं चालतं, मग बेअरिंग तापतं, आणि गरम ॲक्सल म्हणजे पुढच्या घसरणीची तयारी.

---

फिशप्लेट

घसरणीचं मी लिहितो. लोकांना वाटतं क्रेनने डबे उचलले की झालं. वाघिणी उचलणं हे काम दिसायला मोठं, पण वेळ खातो तो रूळ.

आधी अपघात मदत गाडी निघते. क्रू आणि स्टाफ गोळा होऊन ती दिवसा अर्ध्या तासात, रात्री पाऊण तासात सुटावी असा दंडक आहे. मोठी क्रेन १४० टनी. ती उघडायची तर वरची विजेची तार आडवी येते, म्हणून आधी वीज बंद, तार बाजूला ओढा किंवा सरळ कापा. वाघीण रुळाजवळच असेल आणि सरळ उभी असेल तर क्रेन नकोच. हायड्रॉलिक जॅकने उचलून आडव्या तुळईवरून सरकवत रुळावर घेतात, ते पटकन होतं. उलटलेल्या, एकमेकींवर चढलेल्या वाघिणी मात्र सरळ बाजूला लोटून देतात. त्या वाचवण्यापेक्षा मार्ग मोकळा होणं महत्त्वाचं. त्यातला माल नंतर दुसऱ्या गाडीत भरतात. कोळसा असेल तर सोपं, स्टीलची कॉइल असेल तर एकेक नग वीस-पंचवीस टनांचा, त्यालाही क्रेन हवी.

आता रूळ. घसरलेलं चाक स्लीपरवरून ओढत जातं आणि सिमेंटचे स्लीपर एकामागून एक फोडतं. समजा फक्त ५०० मीटर खराब झाले. किलोमीटरला १,६६० स्लीपर या हिशोबाने ८३० स्लीपर, प्रत्येक पावणेतीनशे किलोच्या घरात. म्हणजे सव्वादोनशे टनांहून जास्त. प्रत्येक स्लीपरला रूळ धरून ठेवणाऱ्या चार क्लिपा, चार लायनर, दोन रबर पॅड: ३,३२० क्लिपा, तेवढेच लायनर, १,६६० पॅड. मीटरला ६० किलोचा रूळ दोन्ही बाजूंचा मिळून १,००० मीटर, ६० टन. १३ मीटरचे तुकडे टाकले तर सत्तरच्या वर सांधे, जे नंतर एकेक करून वेल्ड करायचे. खडी मीटरला दोन घनमीटर धरा, हजार घनमीटर. हे सगळं आणायचं त्याच मार्गाने, एका टोकाकडून, कारण कटिंगमध्ये (डोंगर कापून काढलेल्या वाटेत) ट्रक जात नाही. क्लिपा हजार-दीड हजारच आल्या तर काम तिथेच अडतं. रूळ-स्लीपर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात, क्लिपा मोजायचं राहून जातं.

पुरात भराव गेला असेल तर आणखी वेगळं. ओल्या भगदाडात नुसती माती ढकलली की चिखल होतो आणि पहिल्याच गाडीखाली बसतो. खाली मोठे दगड, वर मुरूम किंवा क्रशरची कच, आणि पाणी अजून वाहत असेल तर त्याला जायला पाइप टाकूनच वरचा भराव. वाहतं पाणी कोंडलं तर रात्रीत पुन्हा भगदाड. म्हणूनच पावसाळ्याआधी दगड आणि मुरूम भरलेल्या वाघिणी ठराविक स्टेशनांत उभ्या करून ठेवतात. महबूबाबादजवळ केसमुद्रम-इंटिकन्ने भागात १ सप्टेंबर २०२४ ला रुळाखालची खडी-माती गेली आणि विजयवाडा-काझीपेट हा दक्षिणेचा मुख्य मार्ग तुटला. तो काही दिवसांतच सुरू झाला तो असंच सामान आणि माणसं दोन्हीकडून ओतल्यामुळे.

---

अर्धा_डबा

एक शंका. दुहेरी मार्गावर एकच लाइन खराब झाली तर क्षमता निम्मी होते ना? मग एवढा गोंधळ कशाला?

---

लूपमध्ये_उभा

निम्मी नाही राहत हो. एकेरी मार्गाची क्षमता काढायचं जुनं सूत्र आहे: १४४० भागिले एका गाडीचा सेक्शनातला वेळ अधिक ब्लॉकच्या कामाचा (पुढच्या स्टेशनाकडून गाडीसाठी परवानगी घेण्याचा) वेळ, आणि उत्तराचे ७० टक्के. सेक्शन ८ किलोमीटरचा, गाडी ४० च्या सरासरीने म्हणजे १२ मिनिटं, वर ६ मिनिटं ब्लॉकची. १४४० भागिले १८ म्हणजे ८०, त्याचे ७० टक्के ५६. हे दोन्ही दिशांचे मिळून. आता त्या लाइनवर उलट्या दिशेचे सिग्नल नाहीत, म्हणून प्रत्येक गाडीला कागदावर परवानगी, गाडी एका लाइनवरून दुसरीवर नेणारे सांधे (पॉइंट) हाताने कुलूपबंद, पहिली गाडी तर २५ च्याच वेगाने. ब्लॉकची ६ मिनिटं सहज १८ होतात. मग ५६ चे ३३ होतात. त्यात प्रवासी गाड्या आधी. मालगाड्यांच्या वाट्याला उरतं ते बघा.

---

फिशप्लेट

आणि लाइन दुरुस्त झाल्यावरही वेगाचं बंधन असतं. पहिली गाडी १० ने, मग २०, ३०, ४५, जसजशी टॅम्पिंग मशीन खडी दाबत जाईल तसतसं. ५०० मीटरला २० चं बंधन ऐकायला किरकोळ. पण गाडीच ७०० मीटरची, शेवटची वाघीण बाहेर पडेपर्यंत १,२०० मीटर २० नेच काढायचे: साडेतीन मिनिटं. एरवी ७५ ने एक मिनिट. वर पाच हजार टन आधी हळू करायचे आणि मग पुन्हा वेगात आणायचे, त्याची पाच-सहा मिनिटं. एका गाडीमागे सात-आठ मिनिटं, दिवसाच्या तीस-चाळीस गाड्या, आणि हे आठ-पंधरा दिवस. बातमी मात्र पहिल्या दिवशीच येते, 'वाहतूक पूर्ववत'.

---

कंटेनरवाला_काका

डबल स्टॅकचं कुणी लिहिलं नाही. पश्चिम मालवाहू कॉरिडॉरवर विजेची तार साडेसात मीटरवर आहे म्हणून कंटेनरवर कंटेनर जातो. साध्या मार्गावर तार साडेपाच मीटरच्या आसपास. म्हणजे कॉरिडॉर बंद पडला तर शेजारून समांतर जाणाऱ्या जुन्या लाइनवर ती गाडी घेताच येत नाही. वरचे कंटेनर उतरवायला क्रेन असलेला डेपो गाठायचा, एका गाडीच्या दोन करायच्या, दुसरीसाठी ४५ वाघिणींचा रिकामा रेक शोधायचा. ९० अधिक ९० टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापात), एकाच गाडीऐवजी दोन वाटा हव्यात.

तसंच अवजड आणि आकाराबाहेरच्या मालाचं. ट्रान्सफॉर्मरसारख्या नगाला मंजुरी मिळते ती ठराविक मार्गासाठी, एकेक पूल, बोगदा, फलाट मोजून. तो वळवत नाहीत. जिथे असेल तिथेच थांबतो.

---

निळा_झेंडा

आणि जिथे दुसरी वाटच नाही तिथे? मे २०२२ मध्ये आसामात लमडिंग-बदरपूर डोंगरी मार्ग दरडींनी ठिकठिकाणी तुटला, न्यू हाफलाँग स्टेशनात चिखलाने उभी गाडी कलंडवली. बराक खोरं, त्रिपुरा, मिझोराम, मणिपूर या सगळ्यांचा रेल्वेने येणारा माल याच एका वाटेचा. मार्ग सुरू व्हायला जुलै उजाडला. तिथे वळवणं म्हणजे रेल्वेने नाहीच, रस्त्याने. त्या रस्त्यावरही त्याच दरडी.

---

बिल्टी

माल ज्याचा अडकलाय त्याच्या कामाचं थोडं.

रेल्वे रिसीट (मालाची पावती) आली की त्यावरच्या एफएनआर क्रमांकाने एफओआयएसवर (रेल्वेच्या मालवाहतूक माहिती यंत्रणेवर) रेक कुठे आहे ते दिसतं. रोज बघा, आणि नोंद ठेवा. पुढे भरपाई मागायची तर हेच कामाला येतं.

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ९३ नुसार माल खराब झाला, हरवला तर जबाबदारी रेल्वेची. नैसर्गिक आपत्ती हा अपवाद आहे, पण 'पूर आला' एवढं म्हणून भागत नाही, वाजवी काळजी घेतली होती हेही रेल्वेला दाखवावं लागतं. उशिरामुळे नुकसान झालं तर कलम ९५. तिथे उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने किंवा हलगर्जीपणाशिवाय झाला, हे रेल्वेने सिद्ध करायचं. मात्र मालकाच्या जोखमीच्या दराने बुक केला असेल तर कलम ९७ लागतं आणि हलगर्जीपणा सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. कलम १०६ ची सूचना (भरपाईच्या मागणीची) माल रेल्वेकडे सोपवल्यापासून सहा महिन्यांत द्यायलाच हवी. 'रेक अजून वाटेत आहे, आला की बघू' म्हणत बसलात आणि मुदत गेली, की प्रकरण तिथेच संपतं.

डिलिव्हरी घेताना सिमेंटच्या गोण्या भिजलेल्या दिसल्या तर तिथल्या तिथे लेखी नोंद आणि खुली डिलिव्हरी (रेल्वेच्या माणसासमोर माल उघडून तपासून घेणं) मागा. माल गोदामात नेल्यावर केलेल्या तक्रारीला फारसा अर्थ राहत नाही.

मार्ग मोकळा झाला की अडकलेले दोन-तीन रेक एकाच दिवशी येऊन आदळतात. माथाडी तेवढेच, धक्का तेवढाच. डेमरेज (वाघिणी रिकाम्या करायला उशीर झाल्याचा आकार) लागतं. रेक एकत्र आले हे आपल्या हाताबाहेरचं होतं, असा माफीचा अर्ज लगेच करा, प्रत्येक रेकच्या येण्याची वेळ लिहून.

---

अर्धा_डबा

छान माहिती. शेवटचं विचारतो: लाइन सुरू झाल्याला तीन दिवस झाले, मागून आलेले रेक पुढे गेले आणि आधी अडकलेला तिथेच. हा काय न्याय?

---

लूपमध्ये_उभा

न्यायाचा नाही, इंजिनाचा प्रश्न आहे. मागून आलेल्या गाडीला इंजिन लागलेलं आहे, क्रू ताजा आहे, ब्रेकमध्ये हवा आहे. कंट्रोलला ती नुसती सोडायची. आधी अडकलेला रेक स्टेबल केलेला असतो: इंजिन काढून दुसरीकडे नेलं, दोन्ही टोकांच्या वाघिणींचे हँडब्रेक आवळले, चाकांखाली लाकडी ठोकळे, रुळाला साखळी-कुलूप. तो काढायचा तर आधी इंजिन यायला हवं, मग पायलट आणि गार्डने मिळून पूर्ण गाडी चालत तपासायची, ठोकळे-साखळ्या काढायच्या, हवा भरायची.

आणि घाई इथेच महागात पडते. दोन्ही टोकांचे हँडब्रेक सोडले, पण पावसात कुणीतरी मधल्याही दोन वाघिणींचे आवळून ठेवले होते ते राहून गेले. गाडी निघते, कारण पाच हजार टनांत दोन वाघिणींचा ओढा पायलटला जाणवतही नाही. ती चाकं फिरण्याऐवजी घासत जातात, एका जागी सपाट होतात, आणि मग प्रत्येक फेऱ्याला रुळावर घण पडल्यासारखा ठोका. नुकत्याच टाकलेल्या, अजून न वेल्डलेल्या सांध्यांवरून. त्यामुळे वाटेतल्या स्टेशनात कुणी गाडी बघायला उभं असेल आणि 'ठक-ठक-ठक' ऐकू आलं, तर लाल झेंडा दाखवून ती थांबवतात, मग मागे कितीही रांग असो.